नवी घेतलेली जुनी गाडी सकाळी चालूच होत नाही

पाडव्याला आणि अक्षय तृतीयेला सातारा-सांगलीकडं सेकंडहँड गाड्यांचे भरपूर व्यवहार होतात आणि मग पावसाळा लागला की त्यातल्या बऱ्याच गाड्या सकाळी दारातच रुसून बसतात. या वेळी तसेच प्रश्न जास्त आलेत म्हणून सगळा अंक त्यालाच दिलाय. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते नीट वाचा, बाकीच्यांनाही त्याचा उपयोग आहे.

प्रश्न : दादा, पाडव्याला २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, पुणे पासिंग, पहिला मालक. रोज चालवली की काहीच त्रास नाही, पण दोन-तीन दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसता टकटकटक आवाज येतो आणि डॅशबोर्डच्या लाइटी मंद होतात. एका गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलायला लावली, बदलली, तरी तेच. आता दुसरा म्हणतोय स्टार्टर मोटर गेली, नवीन टाका. विकणारा आता फोन उचलत नाही. टाकू का मोटर? (गोडोली, सातारा)

उत्तर : नका टाकू. तुमच्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आहे, रोज चालवली तर त्रास नाही आणि उभी राहिली तरच त्रास. मोटर खराब असती तर गाडी किती दिवस उभी होती हे मोटरला कुठनं कळणार, ती रोजच्या सकाळीही कधी ना कधी अडली असती. आणि आवाजही तेच सांगतोय. टकटकटक असा भराभर आवाज म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टर मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय, मोटरनं करंट मागितला की बॅटरीचं व्होल्टेज धाडकन पडतंय, सोलेनॉइड सुटतोय, परत ओढला जातोय. लाइटी मंद होतायत तेही त्यामुळंच. याउलट लाइटी लख्ख आहेत आणि एकच जोराचा टक होऊन पुढं शांत, असं असतं तर मी मोटरकडं किंवा तिच्या अर्थिंगकडं बघायला सांगितलं असतं. काहीच आवाज नसता तर क्लच स्विच, रिले, इग्निशन स्विच बघायचं (ऑटोमॅटिक असेल तर आधी लिव्हर न्यूट्रलला टाकून सेल्फ मारून बघायचा). आणि इंजिन झकास फिरतंय पण पकडत नाही असं असेल तर तो पेट्रोलचा नाहीतर स्पार्कचा विषय, तिथं बॅटरीला हात लावायची गरजच नसते. फिटरला फोन करताना नुसतं गाडी चालू होत नाही असं सांगू नका, आवाज कसला येतो ते सांगा, त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे पैसेही.

आता नवी बॅटरी टाकूनही दोन-तीन दिवसांत उतरते म्हणजे दोनच शक्यता, एकतर ती पूर्ण चार्जच होत नाही किंवा गाडी उभी असताना कोणीतरी करंट खातंय. नळ गळत असताना आपण टाकी बदलली, असं झालंय हे. यातलं काय आहे ते अंदाजानं ठरवायचं नाही, मोजायचं. चार-पाचशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो, घ्या. गाडी रात्री लावल्यावर तास-दोन तासांनी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवला म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेला म्हणजे उतरली. मग गाडी चालू ठेवून मोजा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये आला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) चार्जिंग देतोय. चालू गाडीतही १२.५ च दाखवत असेल तर तिथंच थांबा आणि आधी बेल्ट आणि अल्टरनेटर दाखवा.

एक कळकळीची विनंती, चार्जिंग तपासायला चालू गाडीची बॅटरीची वायर काढून बघायची जुनी पद्धत काही गॅरेजमध्ये अजून आहे. जुन्या जीप-ट्रॅक्टरला ते चालून गेलं, पण तुमच्या गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आहे, वायर काढली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू उडू शकतो. कोणी करायला लागलं तर सरळ हात धरा.

चार्जिंग नीट निघालं (मला वाटतं निघेल) तर मग करंट कोण खातंय ते शोधायचं. उभ्या गाडीत घड्याळ, लॉक, ईसीयूची मेमरी यांना मिळून साधारण ५० मिलीअँपियरच्या आत करंट लागतो, म्हणजे दिवसाला सव्वा अँपियर-अवरपेक्षा कमी, छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपियर-अवरची बॅटरी तेवढ्यावर दोन-तीन आठवडे सहज काढते. आता समजा काहीतरी अर्धा अँपियर खातंय. दिवसाला १२, दोन दिवसाला २४, म्हणजे ३५ मधली दोन तृतीयांश बॅटरी गेली. तुमची गाडी बरोबर तेवढ्याच दिवसांत बसतेय, म्हणून माझा संशय इथंच आहे.

तपासायचं असं. चावी काढा, बॉनेट उघडं ठेवा, दरवाजे उघडे ठेवायचे असतील तर त्यांचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करा म्हणजे गाडीला दरवाजा बंद वाटेल. मल्टिमीटर १० अँपियरवर घ्या आणि त्याची लाल वायरही १० अँपियरच्या भोकात बदलून लावा, हे हमखास विसरतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडा. अर्धा तास थांबा, कारण गाडीतले मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आकडा ०.०५ च्या आत आला तर गाडी निर्दोष, जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा आणि कुठला काढल्यावर आकडा झपकन खाली येतो ते बघा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो, कारण त्याची जाड वायर बहुतेक गाड्यांत थेट बॅटरीवर येते. हे सगळं स्वतः करायचं नसेल तरी हरकत नाही, पण मग मोटरच्या मिस्त्रीकडं न जाता चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जा आणि उभ्या गाडीतला करंट मोजून द्या एवढंच सांगा.

सेकंडहँड गाडीत चोर बहुतेक वेळा आधीच्या मालकानं नंतर बसवलेल्या वस्तूंमध्येच सापडतो. बाहेरनं बसवलेल्या टेपच्या मागं एक पिवळी आणि एक लाल वायर असते, पिवळी कायम करंटची आणि लाल चावी लावल्यावर करंट येणारी. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र पिरगाळून कायम करंटला लावून टाकतात, मग टेप बंद दिसतो पण झोपत नाही. अॅम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, बाहेरचं रिमोट लॉक, डॅशकॅम, सगळ्यांचं असंच. आणि गाडी पुणे पासिंगची आहे तर एक खास बघा, फायनान्सवर किंवा भाड्यानं चाललेल्या गाड्यांना कधीकधी जीपीएस ट्रॅकर लावलेला असतो, गाडी विकली तरी तो डॅशबोर्डखाली तसाच राहतो आणि रात्रंदिवस करंट खातो. तुमची गाडी कुठंय हे तिसऱ्या कोणालातरी दिसतंय हा मुद्दा वेगळाच, त्यासाठी तरी शोधून काढा.

जाता जाता टर्मिनल घासून घट्ट करा, आणि बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. जंपर केबलनं बॅटरीचं निगेटिव्ह थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला जोडून सेल्फ मारल्यावर गाडी चालू झाली तर दोष अर्थिंगचा, शंभर-दोनशे रुपयांत विषय संपला. नवी बॅटरी सारखी पूर्ण उतरवली की ती पण लवकर जाते, म्हणून आधी तिला चार्जरवर रात्रभर लावून भरून घ्या, गोडोली ते पोवई नाका आणि परत एवढ्या चालवण्यानं ती भरत नाही. आणि चोर सापडेपर्यंत कासला किंवा यवतेश्वर घाटात ही गाडी घेऊन जाऊ नका.

मध्येच अडलात तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरनं वायरी लावून चालू करायचा क्रम लक्षात ठेवा. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतनं हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब.

प्रश्न : २०१७ ची डिझेल सेदान एजंटकडनं घेतली, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळाली. पाऊस पडून गेला की सकाळी इंजिन फिरतं पण पकडत नाही, दुपारी आपोआप चालू होते. कधी काच मध्येच अडते, कधी एअरबॅगची लाइट लागते. स्कॅनर लावला की दर वेळी वेगळेच कोड. शेजारचे म्हणतात महापुरातली गाडी आहे. कसं ओळखायचं? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांची शंका मला रास्त वाटते. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५, त्यानंतर २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, आणि या दोन्ही वेळी गाड्या नुसत्या भिजल्या नाहीत तर दिवसच्या दिवस पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात येतात आणि इथं नाही तर लांबच्या जिल्ह्यात विकल्या जातात, तशा लांबच्या पुरातल्या गाड्या इथंही येतात. त्यामुळं पासिंग कुठलं आहे यावरनं काही कळत नाही.

गाळ मात्र लपत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत पूर्ण ओढून बाहेर काढा, गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर मातीचा डाग किंवा पाण्याची रेघ दिसते का बघा, कारण वरवरचा पट्टा धुतात आणि आतला कोणी धूत नाही. सीटच्या रेल्स आणि त्यांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का. दरवाजाजवळची प्लास्टिक पट्टी काढून कार्पेट उचला, खालचा फोम हातानं दाबा. सात-आठ वर्षांच्या गाडीत कार्पेट कोरं करकरीत असेल तर त्याचाही संशय घ्या. मग डॅशबोर्डखालचा एखादा कनेक्टर सोडवून बघा, पिनांवर हिरवट पांढरी बुरशी आली असेल तर तुमच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथं आहे, हवा दमट झाली की ती बुरशी करंट इकडचा तिकडं करते आणि दुपारी वाळलं की परत ठीक. दर वेळी वेगळे कोड यायचं कारणही हेच असू शकतं.

तरीपण, डिझेल गाडी आहे म्हणून दोन साध्या गोष्टी आधी उडवून लावा. डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी काढून टाका. आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर लाइनमध्ये हवा धरते का बघा, हँड प्रायमर असेल तर सकाळी तो कडक होईपर्यंत दाबून सेल्फ मारा, लगेच पकडली तर कुठंतरी पाइप किंवा फिल्टरची सील हवा घेतेय. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं चिन्ह असतं ते हीटर प्लगचं, ते विझल्यावरच सेल्फ मारायचा. हे काम काही शेकड्यांत होतं.

त्यानं फरक पडला नाही आणि गाळ सापडला तर ईसीयू बदलायच्या नादाला लागू नका, कोणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी. आधी सगळे अर्थिंग पॉइंट उघडून घासून घ्या, कार्पेटखालचे आणि ईसीयूचे कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करून घ्या, यातच पुष्कळ गाड्या सुधारतात. पण एअरबॅगची लाइट लागतेय हे मला गंभीर वाटतं. सेल्फ न लागणं हा मनस्ताप आहे, एअरबॅग न उघडणं हा जिवाचा प्रश्न आहे, तेवढं तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा. तिथं गाडीच्या नंबरवरनं जुना सर्व्हिस रेकॉर्डही विचारा, पुराचं काम झालं असेल तर नोंद निघू शकते, आणि मागच्या विमा पॉलिसीवरनं क्लेमची चौकशी करा. पुरावा हातात आला तर एजंटला लेखी कळवा, तोंडी नको. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्यानं दोष लपवला तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथनं सुरुवात करा.

आणि सांगलीत राहता म्हणून एवढं ऐका, पुन्हा कधी पाणी गाडीत शिरलं तर पाणी ओसरल्यावर चालू होते का बघायला सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढायची आणि टोचन लावून न्यायची.

प्रश्न : गाडी चालू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते. डॅशबोर्डवर लाल किल्लीचं चिन्ह लुकलुकतं. पेट्रोल पंप बदलायला सांगितलाय. चावी एकच मिळाली होती, ती पण बाजारात बनवलेली दिसते. (वाई)

उत्तर : पंप राहू द्या. लुकलुकणारी किल्ली म्हणजे इमोबिलायझर, गाडी तुमची चावी ओळखत नाहीये. मूळ चावीच्या प्लास्टिकमध्ये छोटी चिप असते, बाजारातल्या नुसत्या कापलेल्या चावीत ती नसते किंवा नीट प्रोग्राम केलेली नसते. चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती काढून एकटी चावी लावून बघा, कधीकधी तेवढ्यावर भागतं. नाहीतर विकणाऱ्याकडनं दुसरी मूळ चावी मागा, हक्कानं मागा. मिळाली नाही तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नवी चावी प्रोग्राम करून मिळते आणि त्याच वेळी जुन्या हरवलेल्या चाव्या बाद करायला सांगा, नाहीतर तुमच्या गाडीची चावी अजून कोणाकडंतरी आहे असं होईल.

तिथं आरसी आणि ओळखपत्र मागतात, आणि आरसी अजून तुमच्या नावावर नसेल तर इथंच अडाल. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या असतील तर ते घरात ठेवू नका, लगेच ट्रान्सफरला टाका, विमाही १४ दिवसांत नावावर करायचा असतो.

प्रश्न : गाडी शेतातल्या घरापाशी उसाच्या कडेला लावतो. काल संध्याकाळी चालू होती, आज इंजिन फिरतं पण पकडत नाही आणि इंजिन चेकची लाइट. (कराड तालुका)

उत्तर : आधी बॉनेट उघडून टॉर्च मारा, उंदराच्या लेंड्या, कुरतडलेला फोम किंवा गवत दिसेल. पावसात बिळांत पाणी शिरलं की उंदीर उबेला इंजिनवर येतात आणि इंजेक्टरच्या, सेन्सरच्या बारीक वायरी तोडतात. तुटलेली वायर दिसली तर सोल्डर करून वर हीटश्रिंक नळी चढवून घ्या, नुसती पिरगाळून टेप मारली तर महिन्याभरात परत हाच त्रास. संपूर्ण वायरिंग हार्नेस बदलायला कोणी सांगितलं तर तुटलेल्या वायरी मोजून दाखवायला सांगा. गाडी उसापासून लांब, उघड्यावर लावा आणि रात्री बॉनेट उघडं ठेवून खाली बल्ब लावा, अंधार आणि ऊब दोन्ही मिळाली नाही की ते बसत नाहीत. विषाची गोळी इंजिनमध्ये ठेवू नका, उंदीर आतच मरतो आणि एसीतनं वास येतो.

प्रश्न : सेकंडहँड सीएनजी गाडी. आधीचा मालक म्हणाला पेट्रोल टाकायची गरजच नाही, काटा कायम खाली ठेवा. गॅस फुल्ल आहे तरी आता इंजिन नुसतं फिरतंय. (तासगाव)

उत्तर : त्यांचा सल्ला चुकीचा होता. बहुतेक सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम झाला की मग गॅसवर जातात, म्हणून गॅस फुल्ल असला तरी पेट्रोल लागतंच. शिवाय पेट्रोलचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्याला थंड ठेवायचं काम ते पेट्रोलच करतं, काटा कायम खाली राहिला की पंप तापून जळतो. आत्ता आठ-दहा लिटर टाका, टेप-पंखा बंद करून चावी ऑनला आणा आणि मागच्या सीटखाली कान द्या, दोन सेकंद बारीक गुं असा आवाज आला पाहिजे. आला तर दोन-चारदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. आवाज नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले, आणि पंपाच्या प्लगला करंट येतोय हे मीटरनं बघितल्यावरच पंप बदलायचा. टाकीच्या तळाला महिनोन् महिने पडलेलं पेट्रोल असेल तर ते काढून टाका, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि ते हवेतला ओलावा ओढतं. तोवर कामाचा खोळंबा होत असेल तर बऱ्याच किटमध्ये थेट गॅसवर चालू करायची सोय असते, किटवाल्याकडनं समजून घ्या, पण रोज तसंच करायचं नाही.

आणि सिलिंडरवरची प्लेट बघा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली सिलिंडरची तपासणी) लागते. तारीख उलटून गेली असेल तर गाडी चालू झाल्यावर पहिलं ते काम करा, पुढचा गॅस त्यानंतरच भरा. आरसीवर सीएनजीची नोंद आहे का तेही बघा, नसेल तर विम्याचा क्लेम अडू शकतो.